काचेच्या कपाटातलं औषध

बालिगनच्या आरोग्य केंद्रात मी सत्तावीस वर्षं नर्स आहे. गावातली निम्मी पोरं माझ्या हातावर जन्मली आणि उरलेली निम्मी माझ्या शिव्या खाऊन मोठी झाली. तेव्हा डॉक्टर सुमागायसायबद्दल चर्चच्या पायरीवर बसून कोण काय सांगतं ते राहू द्या. कुणी म्हणतं जुगारात बुडाला, कुणी म्हणतं अमेरिकेने हाकलला. सगळं साफ खोटं. खरं काय ते मला ठाऊक आहे, कारण त्या खोट्यातलं अर्धं खोटं माझंच आहे.

एलेउतेरियो सुमागायसाय आमच्याच गावचा. बाप लवकर गेला, आई त्यामागोमाग. मागे राहिली ती थोरली बहीण फेलिसिदाद आणि हा. ती वीस वर्षांची, हा बारा. आमच्याकडे थोरल्या बहिणीला मानांग म्हणतात आणि धाकट्या पोराला तोतो. मानांग फेलीने हातमागावर बसून तेरा वर्षं कापड विणलं आणि तोतोला मनिलात शिकवून डॉक्टर केलं. तिला दोन जण मागणी घालायला आले होते. दोघांनाही तिने एकच उत्तर दिलं, "तोतोची परीक्षा होऊ दे." परीक्षा कसली संपते? एक झाली की दुसरी. तोवर दोघांचीही लग्नं होऊन पोरं झाली.

मग तोतो अमेरिकेला गेला. ओहायोत. तिकडच्या इस्पितळात कुणाला आडनाव म्हणता येईना, म्हणून सगळे त्याला 'डॉक्टर सम' म्हणत. आडनाव संपलं असं त्यांना वाटे, आमच्याकडे ते नुकतं कुठे सुरू झालेलं असतं. पहिली चार वर्षं गोऱ्या डॉक्टरांनी टाळलेल्या सगळ्या रात्रपाळ्या याच्या गळ्यात. पण पोरगा चिवट. हृदयाचा मोठा तज्ज्ञ झाला. रक्तदाब हा त्याचा खास विषय. परिषदांमध्ये भाषणं काय, मासिकांत फोटो काय. आमच्याच बेटावरच्या एका नर्सशी लग्न केलं. ती बिचारी पुढे वारली. दोन मुलगे आहेत, त्यांना आपली भाषा कळते, पण उत्तर इंग्रजीतच देतात.

पंचावन्नाव्या वर्षाच्या आगेमागे डॉक्टरांना गाव आठवलं. तेव्हापासून दर जानेवारीत, बाळ येशूच्या फिएस्ताला, म्हणजे गावजत्रेला, डॉक्टर हजर. बरोबर वीस-वीस खोकी औषधं. चर्चपुढच्या मैदानात तंबू आणि तंबूवर एवढा मोठा फलक! त्यावर डॉक्टरांचा चेहरा. पहिल्या वर्षी तो फलक बाळ येशूच्या चित्रापेक्षा मोठा निघाला, तेव्हा पाद्रीबाबांनी खाकरून दाखवलं. दुसऱ्या वर्षी डॉक्टरांनी बाळ येशूचं चित्र मोठं करून दिलं. स्वतःचा फलक काही लहान केला नाही. शेवटच्या दिवशी मेयरच्या हस्ते सन्मानचिन्ह. डॉक्टर दरवर्षी भाषणात "मी या सन्मानाला पात्र नाही" असं म्हणत आणि चिन्ह छातीशी असं घट्ट धरत की मेयरला परत मागायची हिंमत होऊ नये.

चार दिवस डॉक्टर सकाळपासून घाम गाळत बसत. एकाही म्हातारीवर कधी खेकसले नाहीत. मन मोठं, हात मोकळा. फक्त कौतुक लागतं. लागेना का. मला पण लागतं.

आता दुखणं काय होतं ते सांगते. मानांग फेलीचा रक्तदाब. वरचा आकडा एकशे नव्वद. दरवर्षी डॉक्टर पहिला पट्टा बहिणीच्या दंडाला बांधत आणि दरवर्षी त्यांचा चेहरा पडे.

"गोळ्या घेतेस ना?"

मानांग भुवया वर करायची. आमच्याकडे भुवया वर केल्या की 'हो'.

"रोज?"

पुन्हा भुवया.

मग डॉक्टर मीठ बंद करायचे. खारे मासे बंद. दुसऱ्या वर्षी आकडा तोच. मग एका गोळीच्या दोन गोळ्या, दोनाच्या तीन. ओहायोत याच औषधांनी हजारो माणसं सरळ झाली होती. एकदा माझ्याजवळ कुरकुरले, "नेनिंग, मी परक्यांच्या बहिणी वाचवल्या गं. माझीच का ऐकत नाही?" मी त्यांना थंड पाणी दिलं.

चौदाव्या वर्षी आकडा दोनशेवर गेला. डॉक्टरांचा संताप झाला. म्हणाले, "आण गोळ्या. माझ्या देखत घे."

"नवी बाटली फोडायची?" मानांगने विचारलं. तिच्या तोंडावर असं काही दुःख होतं, जणू कुणी तिला अंगावरचे दागिने मोडायला सांगत होतं.

डॉक्टरांनी स्वतः तीन बाटल्या फोडल्या आणि तीन गोळ्या तिच्या हातावर ठेवल्या. मानांगने त्या एकेक करून गिळल्या आणि प्रत्येक गोळीनंतर छातीवर क्रूस केला.

दोन तासांनी जेवणाच्या रांगेत मानांग फेली कोसळली. ताट तेवढं सरळ धरलं होतं हं, भाजलेल्या डुकराचा एक तुकडा सांडला नाही. डॉक्टर धावले. पाय उंच केले, सलाईन लावलं, पट्टा बांधला. वरचा आकडा ऐंशी!

"असं होऊच शकत नाही," डॉक्टर पुटपुटत होते. "इतकी वर्षं ती हीच औषधं घेतेय. शरीराला सवय आहे. असं होऊच शकत नाही."

मी म्हटलं, "डॉक्टर, रागावू नका. मला वाटतं मानांगला ही गोळी नवीन आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मी त्यांना मानांगच्या घरी नेलं आणि बैठकीतलं काचेचं कपाट दाखवलं.

आमच्या प्रत्येक घरात ते कपाट असतं. चांगलं ते सगळं त्यात. बिशप आले तरच निघतात त्या बशा, परदेशी साबणाच्या वड्या ज्यांनी कधी पाणी पाहिलं नाही, आणि मधोमध बाळ येशू. मानांगच्या कपाटात बाळ येशूच्या दोन्ही बाजूंना डॉक्टरांच्या बाटल्या ओळीने मांडलेल्या. वर्षावार. झाकणांवरची सीलसुद्धा शाबूत. धूळ म्हणाल तर कणभर नाही, दर शनिवारी पुसत होती.

डॉक्टरांनी एक बाटली उचलून झाकणावरचं सील नखाने चाचपलं.

मला माहीत होतं का? गावची खोड माहीत होती. माझ्याच कपाटात डॉक्टरांच्या जीवनसत्त्वांची बाटली होती, सोनेरी झाकणाची, कुणी आलं की दिसेल अशी. पण सख्खी बहीण, दोनशे आकडा, ती तरी घेत असेल असं मला वाटलं. चूक झाली. नर्स म्हणून मला लाज वाटली आणि अजून वाटते.

डॉक्टर तसेच घरोघर निघाले. मी मागे. मेयरच्या बायकोने गोळ्या रंगावार लावल्या होत्या, पडद्यांना शोभतील अशा. शिंपी तासियोने मधुमेहाच्या गोळ्यांची बाटली भाचीच्या लग्नात आहेर म्हणून दिली होती. कोपऱ्यावरची विधवा गोर्गोनिया अभिमानाने म्हणाली, "डॉक्टर, तुमची बाटली मी आमच्या ह्यांच्या हातातच दिली, शवपेटीत. उघडलीसुद्धा नव्हती. सगळं गाव बघत होतं."

"ती घेतली असती तर तो शवपेटीत गेला नसता!" डॉक्टर ओरडले.

"पण मग दिली काय असती हो हातात?"

सुस्मारियोसेप! बाळ येशू आणि त्याचे आईबाप, तिघांनाही मी एका दमात हाक मारली. आणि डॉक्टरांना पुढच्या घराकडे ओढलं.

संध्याकाळी मानांग अंथरुणात उठून बसली होती, आणि भाऊ तिच्यासमोर.

"मानांग, ही औषधं शोभेची वाटली तुला?"

"ओरडू नकोस. एवढ्या लांबून तू आणलंस. ते काय असं खाऊन टाकायचं? माझ्यासारख्या म्हातारीवर फुकट घालवायचं?"

"औषध खायलाच असतं!"

"खाईन की. खरंच आजारी पडले की खाईन."

"आज पडलीस ना!"

"ती तुझ्या गोळीने पडले. गोळी नव्हती तोवर बरी उभी होते."

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं ते मी विसरणार नाही. मेंदूची नस कधीही फुटू शकते. वर्षभर हा आकडा राहिला तर पुढच्या जानेवारीला बहीण भेटेलच असं नाही. ते परत आले, तिचे पाय धरले, आईच्या कबरीची शपथ घातली. मानांगने वचन दिलं, रोज एक गोळी. दुसऱ्या सकाळी मी मोजायला गेले. एक गोळी सुरीने चार तुकडे केलेली. एक तुकडा खाल्ला होता, तीन रुमालात बांधून कपाटात, बाळ येशूच्या मागे.

"मग तुझ्या केंद्रातली तरी दे तिला," डॉक्टर म्हणाले.

"आज सकाळीच देऊन बघितली नाही का मी? म्हणते, माझा भाऊ अमेरिकेत हृदयाचा डॉक्टर, आणि मी सरकारी गोळी खाऊ? लोक काय म्हणतील?"

"पण बाकीचे लोक तुझ्या गोळ्या खातात?"

"फाटकापर्यंत पोचायच्या आत. खाकी कागदाची पुडी, ती कपाटात ठेवली तर पाहुणे हसतील. आणि माझा नियम आहे, मागची संपली नसेल तर पुढची मिळणार नाही. सरकारी वस्तू हातची जाऊ नये म्हणून माणूस विषसुद्धा वेळेवर घेईल."

डॉक्टर हुशार माणूस, कळायला वेळ लागला नाही. गिळायला लागला.

"म्हणजे माझं औषध संपलं पाहिजे."

"हो."

"आणि तुझं सुरू झालं पाहिजे. पैसे मी द्यायचे, शहरातल्या घाऊक दुकानातून औषध तुझ्याकडे यायचं, आणि नाव सरकारचं?"

"तिला कळलं की भावाने दिलंय, की गेली पुडी कपाटात. गावाला कळलं तर तिला कळणारच. बालिगनमध्ये पोट दुखलं तर शेजारीण आधी कळवळते."

"सरकारने काय केलंय गं त्यात?" ते चिडून म्हणाले.

"काहीच नाही. म्हणूनच तर कुणी त्याचं येशूशेजारी ठेवत नाही."

डॉक्टर खिडकीतून फलकाकडे बघत बसले. वाऱ्याने त्यावरचा त्यांचा चेहरा फुगत होता. खरं सांगते, हा माणूस हे करणार नाही असंच मला वाटलं. कौतुकावर जगणारा माणूस, त्याला म्हणायचं कौतुक सोड, म्हणजे दारुड्याला ताडाखाली बसवून पाणी प्यायला सांगण्यासारखं.

शेवटच्या दिवशी मेयरने सन्मानचिन्ह पुढे केलं. डॉक्टर माइकपाशी गेले. म्हणाले, "मी आता निवृत्त झालो. अमेरिकेतून औषधं मिळणं बंद झालं. पुढच्या वर्षीपासून माझे हात रिकामे असतील. मला माफ करा." आणि चिन्ह न घेताच खाली उतरले.

पाच मिनिटंही गेली नसतील, आणि जे सुरू झालं! दुपारपर्यंत डॉक्टरांचं घर गहाण होतं, चहाच्या वेळेला ते जुगारात गेलं होतं, दिवेलागणीला एक सोनेरी केसांची बाई पण निघाली. चौदा वर्षं ज्यांनी खोकीच्या खोकी घरी नेली तीच तोंडं, "तिकडे काही खरं नव्हतंच बाई, फलकच तेवढा मोठा." मी दोघी-तिघींना चांगलं फैलावर घेतलं. पण बोलू काय? कपाळ माझं! खोटं मीच शिकवलेलं.

मानांग मात्र सोमवारी केंद्रात आली, रांगेत उभी राहिली, खाकी पुडी घेतली आणि तिथेच पहिली गोळी गिळली. डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे मी अगदी थोडक्यापासून सुरू केलं. महिन्याने पुडी संपवून आली. त्याच्या पुढच्या महिन्यालाही. तिच्या मागोमाग विधवा गोर्गोनिया, शिंपी तासियो, मेयरची बायकोसुद्धा, तोंडावर पदर घेतल्यासारखी पंखा धरून.

जानेवारीत डॉक्टर आले. हातात एकच बॅग. तंबू नाही, फलक नाही. पोरांनी बॅगेकडे बघितलं, चॉकलेटं नाहीत म्हटल्यावर पळाली. डॉक्टर थेट बहिणीकडे गेले आणि पट्टा बांधला. एकशे बत्तीस, खाली ऐंशी. त्यांनी पुन्हा बांधला. पुन्हा तेच. मग दुसऱ्या दंडाला.

"बघितलंस?" मानांग म्हणाली. "तुझ्या अमेरिकेला चौदा वर्षांत जमलं नाही ते नेनिंगच्या पुडीने वर्षात केलं. उगाच एवढा खर्च करत होतास."

"चुकलंच माझं," डॉक्टर म्हणाले आणि घाईघाईने पट्टा गुंडाळायला लागले.

त्या वर्षीचं सन्मानचिन्ह कुणाला मिळालं असेल? मला! डॉक्टरांनी सगळ्यात जास्त टाळ्या वाजवल्या. मी भाषणात म्हटलं, "मी या सन्मानाला पात्र नाही," आणि गंमत बघा, त्या मैदानात ते वाक्य पहिल्यांदा कुणीतरी खरं बोललं होतं. डॉक्टर मान खाली घालून हसत होते, पण घास गिळताना अडकावा तसं हसू. तेवढा माणूस आहे तो. लागलंच असणार.

फिएस्ताच्या दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर माझ्या औषधांच्या खोलीत खोकी मोजत होते, तेवढ्यात बाहेरच्या दारात मानांग. हातात झाकलेलं पातेलं. तुरीत डुकराचं मांस आणि फणस घालून केलेलं तिचं कालवण, ज्याच्यासाठी माणसं मैलभर चालत येतात. पातेलं माझ्या टेबलावर ठेवलं आणि हात जोडल्यासारखे पुढे धरले. सत्त्याहत्तर वर्षांत मानांग फेलीने कुणाकडे काही मागितल्याचं मला तरी माहीत नाही.

"नेनिंग, एक मागते. नाही म्हणू नकोस."

"सांग ना मानांग."

"तोतोचं तिकडे काही राहिलं नाही. तो बोलत नाही, पण बघतेस ना, एका बॅगेवर आलाय. लोक हसतात त्याला. त्याला तुझ्याकडे काहीतरी काम दे."

मी औषधांच्या खोलीकडे चोरून बघितलं. आतल्या दाराची फट उघडी होती.

"झाडलोट नको सांगूस हं, पाठ दुखते त्याची. बसून करायचं दे काहीतरी. पुड्या बांधेल. हात नीट आहे त्याचा लहानपणापासून. थोडा जास्त बोलतो, पण तू रागावलीस की गप्प बसेल. पगाराचं राहू दे. दुपारचं जेवण मी पाठवीन. माझी तब्येत आता बरी आहे, मी सांभाळीन त्याला."

मी पातेल्याचं झाकण उगाच सरळ करत बसले. आतून खोकं खाली पडल्याचा आवाज आला. मग डॉक्टर बाहेर आले. ओहायोच्या परिषदांमध्ये ज्यांचं भाषण ऐकायला लोक उभे राहत तो माणूस माझ्या टेबलासमोर शाळकरी पोरासारखा उभा राहिला. डोळे पुसायचं भानही नव्हतं.

"मॅडम," ते मला म्हणाले, "मी कधीपासून येऊ?"

मे महिन्यात ते ओहायोचं घर आवरून कायमचे आले. सकाळी आठला हजर होतात, माझ्याही आधी. मागच्या टेबलावर बसून रक्तदाब बघतात, पुड्या बांधतात, आणि कधी शहरातून तरुण डॉक्टर काही विचारायला आला तर त्याला परसात नेऊन हळू आवाजात सांगतात. गावात अजून 'बिचारा' म्हणतात. मी एकदा म्हटलं, आता सांगून टाकू या का सगळं? तर माझ्यावरच डाफरले, "खबरदार! गोळ्या बंद होतील तिच्या."

मानांग दर महिन्याला येते. रांगेत उभी राहते, ओळख सांगून पुढे घुसत नाही. भावापुढे बसून दंड पुढे करते आणि मागच्या बायकांना ऐकू जाईल असं सांगते, "डॉक्टर मीच केला ह्याला. आणि म्हातारपणी नोकरीला पण मीच लावला. नाहीतर कोण होतं ह्याचं?"

"कुणी नव्हतं, मानांग," डॉक्टर म्हणतात आणि पट्ट्यात हवा भरायला लागतात.